हजाराच्या आतलं गाणं

शुक्रवार हा आपल्याकडे फार जबाबदारीचा वार आहे. श्रावणात तो जिवतीचा, एरवी संतोषी मातेचा. व्रत करणाऱ्यांच्या घरात त्या दिवशी चिंच-लिंबाला बंदी असते आणि थिएटरात नवा सिनेमा लागतो. एवढं सगळं सांभाळत असताना १० जुलै २०१५ रोजी त्याच्या गळ्यात आणखी एक काम पडलं. तोवर नवी गाणी अमेरिकेत मंगळवारी यायची, ब्रिटनमध्ये सोमवारी, आणखी कुठे आणखी कधी. मग संगीत कंपन्यांनी बसून ठरवलं, की यापुढे नवा अल्बम जगभर शुक्रवारीच. तेव्हापासून गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला फोनकडे डोळे लावून बसणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. माझा भाचा त्या पंथात दीक्षा घेऊन होता. हल्ली त्याने ती सोडली. "शुक्रवारचं पब्लिक ऐकतं," तो म्हणतो. खरा माल म्हणे मंगळवारी पहाटे पावणेतीनला, कुणालाही न कळवता येतो.

भाच्याला हिप-हॉप आवडतं असं कुणी म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. हिप-हॉप कुणालाही आवडतं. त्याला 'अंडरग्राउंड' हिप-हॉप आवडतं. या दोहोंतला फरक मी त्याला विचारला.

"मामा, अंडरग्राउंड म्हणजे जे तू ऐकलेलं नाहीस ते."

"मी तर यातलं काहीच ऐकलेलं नाही."

"तसं नाही रे. जे माझ्या ग्रुपमधल्या पोरांनीपण ऐकलेलं नाही ते."

"आणि त्यांनी ऐकलं की?"

"संपलं. मेनस्ट्रीम."

व्याख्या म्हणून ही निर्दोष आहे. अडचण एवढीच, की गाणं करणारा माणूस ते लोकांनी ऐकावं म्हणून करतो आणि त्याचा सगळ्यांत कट्टर चाहता ते लोकांनी ऐकू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतो.

आता गाणी कमी असती तर हा छंद सोपा होता. पण जगात रोज लाखाच्या घरात नवी गाणी ऑनलाइन चढतात. त्यातून कुणाला न सापडलेलं एक शोधायचं, तेही कुणाला सापडायच्या आत, ही काही चेष्टा नाही. भाच्याची पद्धत मी जवळून पाहिली आहे. तो एका रॅपरच्या गाण्यावर जातो. त्या गाण्यात ज्याच्या चार ओळी असतात त्याच्या पानावर जातो. त्याला बीट करून देणारा कोण ते बघतो. त्या बीटवाल्याने आणखी कुणाकुणाला बीट दिल्यात ते बघतो. असं करत करत तो अशा एका रॅपरपाशी येऊन थांबतो, की ज्याचं पान बहुधा त्या रॅपरने स्वतः आणि भाच्यानेच पाहिलेलं असतं. लग्न जुळवताना मुलीकडच्यांची चौकशी आमच्या मावश्या याच पद्धतीने करत. फरक इतकाच, की मावश्यांना निष्कर्ष चारचौघांत सांगायची घाई असे.

सापडलेल्या गाण्याची लक्षणं आता मलाही पाठ झाली आहेत. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान लिपीतली आणि मधले स्वर गाळलेले. लांबी पावणेदोन मिनिटं, कारण सुचलं तेवढंच असतं. मुखपृष्ठावर रात्री फ्लॅश न मारता काढलेला जिन्याचा फोटो. सुरुवातीचे दहा सेकंद आईचा व्हॉइस मेसेज: "अरे, जेवलास का? किती वाजता येणारेस?" अंडरग्राउंड रॅपमध्ये आई ही अशी व्हॉइस मेसेजमध्येच असते, वडील असलेच तर पुढच्या कडव्यात भांडायला येतात. मग बीट सुरू होते, एका जुन्या हिंदी गाण्याच्या व्हायोलिनचा तुकडा उलटा फिरवलेला ऐकू येतो, आणि मी "अरे, हे तर..." म्हणायच्या आत भाचा हाताने गप्प करतो.

पण अस्सलपणाची खरी खूण वेगळीच आहे. स्पॉटिफायवर गाणं किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा दिसतो. हजाराच्या आत असेल तर आकडा न दाखवता फक्त 'हजारापेक्षा कमी' अशी खूण येते. शाळेत गणिताच्या पुस्तकात भेटलेलं ते कोपऱ्यासारखं चिन्ह, आणि पुढे १०००. सराफाच्या दुकानात बायका ज्या बारकाईने हॉलमार्क बघतात, त्या बारकाईने भाचा ते चिन्ह बघतो. चिन्ह दिसलं की गाणं ऐकायच्या आधीच त्याचा चेहरा उजळतो. "विषय हार्ड," तो म्हणतो. गाणं कसं आहे ते मग सावकाश ठरतं.

यात एकट्या भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण या घराण्याच्या मूळपुरुषापासूनच लपवालपवी चालत आली आहे. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला तिने भावालाच बसवलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, आणि हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून जग आज जो दिवस पाळतो तो हाच. म्हणजे बघा, पाच दशकं जगभर गाजत असलेल्या कलाप्रकाराच्या मुळाशी शाळेच्या कपड्यांची वर्गणी आहे. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला हे ऐकून भरून यावं.

हर्कने हेरलं होतं, की लोक गाण्यातल्या शब्दांवर नाचत नाहीत, मधे गाणं थांबून नुसता ताल उरतो त्यावर नाचतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला घेतला. पब्लिक वेडं झालं. साहजिकच दुसरे डीजे, रेकॉर्ड कुठली आहे ते बघायला त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. यावर हर्कने काय करावं? त्याने रेकॉर्ड पाण्यात भिजवून त्यांवरची लेबलं काढून टाकली. वाजवतोय कोण ते दिसतं, काय वाजवतोय ते कळत नाही. हिप-हॉपचा जनक लेबलं सोलत बसला होता, मग नातवंडांनी लिंक दिली नाही तर नवल काय?

आणि हे काही अमेरिकेतच होत होतं असं नाही. आमच्या पिढीने खाजगी मैफलींच्या टेपा बाळगणारे रसिक पाहिले आहेत. पुण्यात, गिरगावात, दादरला, धारवाडच्या वाटेवर प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असे. त्याच्याकडे कुमार गंधर्वांची अशी एक बैठक असे, की जी कुठल्याच कंपनीने काढलेली नाही. ती तो ऐकवी, पण देत नसे. ऐकवतानाही गृहस्थ टेपरेकॉर्डर आणि तुम्ही यांच्यामध्ये बसे. तबल्यावर कोण आहे विचारलं तर "ऐका म्हणजे कळेल" म्हणे. माझ्या माहितीतल्या एकांनी तर कॅसेटच्या पाठीवर 'सत्यनारायण कथा' असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे कुणी चुकूनही मागू नये. हर्कने लेबल सोललं, यांनी खोटं चिकटवलं, वृत्ती एकच. पुढे हे गृहस्थ गेले, मुलांनी माळा आवरताना सत्यनारायणाच्या इतक्या कथा बघून त्या भाविकपणे देवळात देऊन टाकल्या. ते देऊळ आज कुमारांच्या एका अप्रकाशित मैफलीचं मालक आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. याहून अंडरग्राउंड काय असणार!

नाही म्हणायला, सगळ्यांना फुकट वाटणारेही होऊन गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर या रेडिओवर १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आणि बॉबिटो नावाची दुक्कल गुरुवारी रात्री एक ते पहाटे पाच कार्यक्रम करायची. अजून कुठल्या कंपनीने हात न लावलेली पोरं तिथे येऊन माइकवर रॅप करत. नाझ, बिगी, वू-टँग क्लॅन, जे-झी हे सगळे तिथे येऊन गेले. ऐकणारी पोरं कॅसेट लावून, रेकॉर्डचं बटण दाबून झोपत आणि पाऊण तासाने बाजू पलटायला गजर लावून उठत. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या कॅसेटच्या कॅसेटची कॅसेट फिरे. पहाटे पाचपर्यंत जागून दुसऱ्याला ऐकवणाऱ्या माणसांवर हा सगळा डोलारा उभा राहिला, हे लेबलं सोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

पण दुर्मीळतेला किंमत आहे म्हटल्यावर कलाकार तरी मागे कसे राहतील? लॉस एंजेलिसच्या निप्सी हसलने २०१३ मध्ये 'क्रेनशॉ' ही मिक्सटेप काढली. इंटरनेटवर ती फुकट उपलब्ध होती. आणि त्याच वेळी त्याने तिच्या एक हजार प्रती प्रत्येकी १०० डॉलरला विकायला ठेवल्या. फुकट मिळणारी वस्तू शंभर डॉलरला कोण घेणार, असा प्रश्न पडला असेल तर तुम्ही संगीताचे नव्हे, किराण्याचे गिऱ्हाईक आहात. एकट्या जे-झीने शंभर प्रती घेतल्या. माक-हॉमी नावाचा आणखी एक वल्ली आहे. तोंडावर हैतीच्या झेंड्याचा रुमाल बांधून वावरतो. त्याने २०१६ मध्ये आपला एक अल्बम ३०० डॉलरला विकला. एवढे पैसे मोजल्यावर गाणं वाईट आहे असं म्हणायची कुणाची छाती होईल?

या प्रकाराचा कळस वू-टँग क्लॅनने गाठला. 'वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन' हा अल्बम त्यांनी अनेक वर्षं गुपचूप करून त्याची एकच प्रत काढली. अख्ख्या जगात एक. २०१५ मध्ये ती मार्टिन श्क्रेली नावाच्या औषध-उद्योजकाने २० लाख डॉलरला घेतली. हा गृहस्थ एका औषधाची किंमत रातोरात अवाच्या सवा वाढवल्यामुळे त्याच वर्षी अमेरिकाभर बदनाम झाला. पुढे गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल त्याला तुरुंग झाला आणि अल्बम सरकारने जप्त केला. म्हणजे काही काळ जगातला सगळ्यांत दुर्मीळ हिप-हॉप अल्बम अमेरिकी सरकारच्या मालकीचा होता. करारात अट अशी, की २१०३ सालापर्यंत तो बाजारात आणायचा नाही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण एक जण तरी ऐकून बसला ना!"

भाच्याच्या देव्हाऱ्यात मात्र पहिला मान एमएफ डूमचा. धातूचा मुखवटा घालून वावरणारा हा माणूस यमकांवर यमकं रचण्यात असा तरबेज, की ऐकणाऱ्याला पहिलं यमक कळेपर्यंत तो चौथ्यावर पोचलेला असे. मॅडलिब या संगीतकाराबरोबरचा त्याचा 'मॅडव्हिलनी' हा अल्बम २००४ चा. त्याची कच्ची प्रत प्रसिद्धीच्या वर्षभर आधीच फुटली होती, त्यामुळे 'मी आधीच ऐकलंय' म्हणणाऱ्यांची एक पिढी त्या अल्बमबरोबर फुकट जन्माला आली. आपलं नाव इंग्रजीत लिहिताना सगळी अक्षरं मोठीच हवीत असा त्याचा दंडक होता. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्यामुळे आपल्या हातून हे पाप घडू शकत नाही, एवढाच आपला नाइलाज आणि एवढंच आपलं पुण्य. पुढे पुढे तो काही कार्यक्रमांना स्वतः न जाता दुसऱ्याच कुणाला मुखवटा घालून पाठवू लागला. तिकीट काढून आलेले लोक चिडले, तरी त्याने माफी मागितली नाही. मुखवटा बघायला आला होतात ना, मग मुखवटा बघा, असा एकूण आविर्भाव. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तो गेला, आणि जगाला ते ३१ डिसेंबरला कळलं. प्रसिद्धीपासून इतकं दूर राहणं त्याच्या कुठल्याच चाहत्याला जमणार नाही.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं वडिलांनी दिलेल्या आयपॅडच्या जोरावर केलं. २०१५ मध्ये त्याच्या आणि अंधेरीच्या डिव्हाइनच्या जोडीचं 'मेरे गली में' आलं. तोवर ही पोरं रेल्वे रुळांच्या दोन्ही बाजूंना गाजत होती, पण वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना पत्ता नव्हता. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' सिनेमा आला आणि व्हायचं ते झालं. रॅप टी-शर्टवर आला, गॅदरिंगमध्ये आला, निवडणुकीच्या टेम्पोवर आला. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवा, हे गाण्यात सांगणारे टोप्या उलट्या घालून सांगू लागले. जुन्या चाहत्यांनी तो काळ कसा काढला ते त्यांनाच ठाऊक.

पुण्यातल्या चाहत्यांवर तर दुहेरी आघात झाला. ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०१८ च्या 'वाटा'पासून, मग २०२०च्या 'तडीपार'पासून कसा आपला, फक्त आपला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला. ज्या घरांत 'हे कसलं गाणं, बंद कर ते' म्हणत होते, त्या घरांतल्या आज्ज्या त्याला मतं देऊन मोकळ्या झाल्या. एखाद्याचा लाडका कलाकार जिंकला तर माणसाने पेढे वाटावेत. भाच्याच्या ग्रुपने सुतक पाळलं.

या सगळ्यात आणखी एक पात्र हमखास असतं. रॅपवर कुठेही दोन शब्द बोलले गेले, की मागच्या रांगेतून एक सद्गृहस्थ उठतात आणि म्हणतात, "यात नवीन काय आहे? आपल्याकडे कलगी-तुरा होताच!" बरोबर आहे, होता. दोन फडांनी समोरासमोर उभं राहून रात्रभर एकमेकांना कवनांतून कोडी घालायची आणि उत्तर आलं नाही की लाज काढायची, हे आपल्याकडे शतकांपूर्वी होतं. पण या गृहस्थांना विचारावं, की तुम्ही शेवटचा कलगी-तुरा कधी ऐकलात? तेव्हा ते चष्मा पुसायला घेतात. म्हणजे जुनं त्यांनी ऐकलेलं नाही आणि नवं ऐकायचं नाही. त्यांच्यापेक्षा भाचा बरा. तो निदान ऐकतो तरी.

आणि ऐकण्यासारखं खरोखर पुष्कळ आहे, तेही मराठीत. धारावीत डोपडेलिक्स आणि सेव्हन बंटाइज यांच्यासारखी टोळकी एकाच गाण्यात तीन-तीन भाषा फिरवतात. डोपडेलिक्स तर २०१८ च्या रजनीकांतच्या 'काला'त जाऊन पोचले. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. त्याच गटाशी जोडलेला अमरावतीचा १०० आरबीएच हा आपल्या वऱ्हाडी बोलीत, पायताण काढल्यासारखं रॅप करतो. त्याचं नाव रोमन लिपीत बघून मी बरेच दिवस तो एखादा वाहन क्रमांक समजत होतो. शंभर म्हणजे सौ, पुढे आरबीएच, सौरभ! अमरावतीच्या पोराने नाव लपवलं तरी असं लपवलं, की मास्तरांनी हजेरीत बरोबर वाचावं.

एका रविवारी संध्याकाळी भाचा मला सायफरला घेऊन गेला. सायफर म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यात गोल उभं राहायचं, एकाने तोंडाने बीट धरायची आणि बाकीच्यांनी आळीपाळीने रॅप करायचं. मी पोचलो तेव्हा गोल एकदम शांत झाला. एकाने हळूच विचारलं, "काका, तुम्ही साध्या कपड्यांतले का?" भाच्याने हमी दिली. मग दुसरा म्हणाला, "काका, जरा मागं सरका, सर्कल मोठं करायचंय." उजेडाला दोन मोबाइलचे टॉर्च. बीट धरणारा पोरगा ओठ, जीभ आणि घसा यांच्यातून ढोल, झांज आणि बिघडलेला टेबलफॅन असे तिन्ही आवाज एकदम काढत होता. तेवढ्यात मैदानाचा वॉचमन शिट्टी वाजवत आला. कुणी पळालं नाही. बीटवाल्याने शिट्टीची लय पकडली आणि तिला आपल्या ठेक्यात घेतलं. वॉचमनने आणखी जोरात वाजवली, ती समेवर आली. गोलातून "वाह, काका!" असा गजर झाला. वॉचमन थोडा वेळ रागावून उभा राहिला आणि मग नुसताच उभा राहिला.

डिलिव्हरीवाल्याचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा पुढे आला. पाठीवरची पिशवी त्याने काढलीही नव्हती. त्याने विषय घेतला पुनर्विकासाचा. बिल्डर, संमतिपत्र, अकरा महिन्यांचं भाडं, बाराव्या महिन्यात बंद झालेला फोन, तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची सही कुणी केली, कमिटीच्या मीटिंगला समोसे कुणाच्या खर्चाने आले. त्याने 'कॉर्पस फंड' आणि 'आमचाच दंड' यांचं यमक जुळवलं तेव्हा माझ्या तोंडून दाद गेली. आजूबाजूच्या पोरांना तो फ्लो कळत होता. मजकूर अक्षरन् अक्षर एकट्या मला कळत होता, कारण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

संपल्यावर भाच्याने विचारलं, "भावा, कुठं टाकलंयस?" पोराने फोन दाखवला. गाणं होतं. लहान अक्षरं, जिन्याचा फोटो, आणि ते कोपऱ्यासारखं चिन्ह: हजारापेक्षा कमी. भाच्याचे डोळे चमकले. परतीच्या रिक्षात तो मला म्हणाला, "मामा, कुणाला सांगू नकोस हं."

मी घरी आलो आणि ते गाणं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

पहिल्या तासात दोन नमस्काराचे हात आणि एक सुप्रभात आलं. मग बी विंगमधून प्रश्न आला, "हे कुठल्या बिल्डरबद्दल आहे?" मग तळमजल्यावरून: "समोशांचा उल्लेख कुणाला उद्देशून आहे ते सेक्रेटरींनी स्पष्ट करावं." मग खजिनदारांनी लिहिलं, की आपण समोसे स्वखर्चाने आणले होते. मग माजी अध्यक्षांनी ते गाणं आपल्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवलं, कारण तिसऱ्या मजल्याची सही तिथेही झाली होती. रॅपमध्ये शब्द भरभर जातात. त्यामुळे आपल्याबद्दल नेमकं काय म्हटलंय ते पकडायला लोक तेच गाणं पुन्हा पुन्हा, मागे घेऊन, कान लावून ऐकू लागले. एका निवृत्त मॅनेजरांनी अख्खं गाणं कागदावर उतरवून काढलं आणि शंकास्पद ओळींखाली लाल रेघा मारल्या. कुठल्याही रॅपरला एवढा एकाग्र श्रोता मिळाला नसेल. काही दिवसांतच ते चिन्ह गेलं आणि तिथे चार आकडी संख्या आली.

भाचा तणतणत आला. "मामा, मेनस्ट्रीम केलंस तू त्याला! सोसायटीत! निवृत्त लोकांमध्ये!"

तेव्हा मी त्याला त्या चिन्हाचा अर्थ सांगितला. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे, की मागच्या बारा महिन्यांत गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याची रॉयल्टी धरायचीच नाही. भाचा ज्याला अस्सलपणाची मोहर समजतो, ती प्रत्यक्षात कलाकाराच्या हिशेबातली शून्याची पाटी आहे. हजारच्या वर गेल्यावरही हाती येतं ते चहापाण्याचंच, पण निदान खातं उघडतं. भाचा जितका काळ गाणं लपवून ठेवणार, तितका काळ तो पोरगा पाठीवर पिशवी घेऊनच रॅप करणार.

भाचा ऐकून घेतो, पण सहजासहजी मानत नाही. "गर्दी झाली की गाणं बिघडतं," तो म्हणाला. काही वेळा बिघडतं, हे मलाही मान्य आहे. पण बिघडतं ते कलाकाराला पैसे आणि टाळ्या मिळतात म्हणून नव्हे. बिघडतं ते त्याने पहिल्यासारखंच पुन्हा करावं असं आपण धरून बसतो म्हणून. आणि न ऐकलेलं गाणं बिघडत नाही हे खरं असलं, तरी ते चांगलं होतं हेही कुणाला कळत नाही.

तेव्हा नवं गाणं शोधणाऱ्या सगळ्या भाच्यांना माझी विनंती आहे. शोधा, रात्र रात्र जागून शोधा. ही हौस चांगली आहे, तिच्याशिवाय स्ट्रेच-बॉबिटो झाले नसते आणि अमरावतीचं रॅप मुंबईत पोचलं नसतं. पण सापडलं की सांगा. रॅपरचं नाव नीट सांगा, स्पेलिंगमधल्या आकड्या-चिन्हांसकट, म्हणजे ऐकणाऱ्याला ते सापडेल. बीट कुणाची आहे तेही सांगा, त्याचं नाव तर कुणीच घेत नाही. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम विकायला असेल तर विकत घ्या. तिथे साधारण ८२ टक्के रक्कम कलाकाराकडे जाते आणि ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटाही सोडते. गावात कार्यक्रम असेल तर पास न मागता तिकीट काढा. आणि 'मी याला आधीपासून ऐकतोय' हे वाक्य खुशाल म्हणा, छाती फुगवून म्हणा, पण गाणं चार जणांना ऐकवल्यानंतर म्हणा. ज्याने कुणालाच ऐकवलं नाही, त्याला ते म्हणायचा हक्क नाही.